'डिस्टिलर' म्हणजे नेमके कोण?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

गेल्या पावसाळ्यात एक तरुण माझ्याकडे आला. हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक कागद. बसल्याबसल्या त्याने आधी माफीच मागितली. म्हणाला, "चाचा, तुम्ही नमाजी माणूस, आणि मी तुम्हाला दारूचा शब्द विचारायला आलोय. पण दुसरं कोण सांगणार?"

मी म्हटले, "बाळा, शब्द पिण्याने नशा होत नाही. दाखव."

कागद म्हणजे एका जुन्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा होता. साल १९२६. रजिस्टर इंग्रजीत. त्याच्या पणजोबांचे नाव, जन्मतारीख, गाव, धर्माच्या रकान्यात 'हिंदू', आणि वडिलांच्या धंद्याच्या रकान्यात एकच शब्द : 'डिस्टिलर'. जातीचा रकानाच नव्हता. पोराला इतर मागासवर्गाचा दाखला काढायचा होता. त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, हे आता गावोगावच्या पोरांना तोंडपाठ झाले आहे. घरात पुरावा म्हणून हा एवढाच कागद. ज्या कार्यालयात त्याने तो नेला, तिथल्या बाबूंनी चष्मा कपाळावर चढवून सांगितले, "हा धंदा झाला. जात कुठाय?"

"चाचा, या शब्दाचा खरा अर्थ काय?" एवढाच त्याचा प्रश्न होता. मी त्याला दोन दिवसांनी यायला सांगितले, आणि त्या दोन दिवसांत एका शब्दाच्या मागे लागून कुठल्या कुठे जाऊन आलो. तोच प्रवास आज तुम्हाला सांगायचा आहे.

सुरुवात शब्दाच्या मुळापासून करू. लॅटिन भाषेत 'स्टिला' म्हणजे थेंब. 'देस्तिलारे' म्हणजे थेंबाथेंबाने खाली पडणे. त्यावरून इंग्रजीत 'डिस्टिल' हे क्रियापद आले आणि ते काम करणारा तो 'डिस्टिलर'. म्हणजे अक्षरशः अर्थ घ्यायचा तर थेंब पाडणारा, ठिबकवणारा माणूस. आपल्या शेतकऱ्यांना ठिबक हा शब्द नवा नाही. फक्त त्यांचे ठिबक उसाला पाणी देते आणि याचे ठिबक उसाच्या मळीतून वेगळेच पाणी काढते.

इंग्रजीत मद्य तयार करणाऱ्यांसाठी एकच शब्द नाही, ही गोष्ट आपल्याकडे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. बिअर बनवणारा तो 'ब्रुअर'. द्राक्षाची वाईन बनवणारा वेगळा. आणि आंबवलेल्या रसाला उष्णता देऊन त्यातला कडक भाग वेगळा काढणारा तो 'डिस्टिलर'. ब्रँडी, रम, व्हिस्की, आपल्याकडची देशी, मोहाची, ही सगळी त्याच्या हातची. फरक एका पायरीचा आहे. धान्य, गूळ, फळ काहीही आंबवले, की त्यातले यीस्ट साखर खाते आणि मद्यार्क तयार करते. पण मद्यार्काचे प्रमाण साधारण चौदा-पंधरा टक्क्यांवर गेले, की ते यीस्ट आपणच तयार केलेल्या मद्यार्कात मरते. (यावर कुणी कविता केली नसेल तर मी करणार आहे.) म्हणजे निसर्गाने एक मर्यादा घालून दिली. ती मर्यादा ओलांडायची युक्ती ज्याने काढली, तो पहिला डिस्टिलर.

युक्ती साधी आहे आणि आपल्या स्वयंपाकघरात रोज दिसते. डाळीच्या पातेल्यावरचे झाकण उचला. आतल्या बाजूला थेंब जमलेले असतात. ते पाणी डाळीच्या पातेल्यातलेच, पण त्यात ना हळद, ना मीठ. वाफ होताना पाण्याने सगळे मागे सोडले. आता पाणी १०० अंशाला उकळते आणि मद्यार्क ७८ अंशांच्या थोडे वर. दोन्ही एकत्र तापवले की मद्यार्क आधी उडायची घाई करतो. ती वाफ नळीतून नेऊन थंड केली, की दुसऱ्या भांड्यात थेंब पडू लागतात. एवढेच. पुढचे सगळे तांब्याचे मनोरे आणि मजल्यामजल्यांचे स्तंभ हा याच झाकणाचा विस्तार आहे.

गंमत अशी की आपल्या शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात याच क्रियेला 'ऊर्ध्वपातन' म्हणतात. ऊर्ध्व म्हणजे वर. लॅटिन म्हणते खाली ठिबकणे, संस्कृत म्हणते वर जाणे. भांडण नाही; एकाने नळीच्या शेवटी उभे राहून पाहिले, दुसऱ्याने चुलीपाशी. आपल्या रसशास्त्राच्या ग्रंथांत पाऱ्याच्या शुद्धीसाठी ऊर्ध्वपातन, अधःपातन आणि तिर्यक्पातन असे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यातले तिर्यक्पातन, म्हणजे वाफ तिरक्या नळीने दुसऱ्या भांड्यात नेणे, हे आजच्या डिस्टिलेशनला जास्त जवळचे. पुस्तके लिहिणाऱ्यांनी ऊर्ध्वपातन उचलले आणि तेच रूढ झाले. चालायचेच.

आणि अरबांनी काय म्हटले? त्यांच्याकडे दोन शब्द आहेत. एक 'तसईद', म्हणजे वर चढवणे. दुसरा 'तकतीर', आणि हा शब्द ऐकताच गझल ऐकणाऱ्यांनी कान टवकारावेत. तकतीर हा 'कतरा'चा भाऊबंद. कतरा म्हणजे थेंब. कतरा आणि दर्या यांच्या नात्यावर उर्दू शायरांनी किती रात्री जागवल्या, त्याला हिशेब नाही. उर्दूत डिस्टिल्ड वॉटरला 'आब-ए-मुकत्तर' म्हणतात, म्हणजे थेंबाथेंबाने उतरवलेले पाणी. गॅरेजमध्ये बॅटरीत ओततात ते. तेव्हा लॅटिन बोलणारा आणि अरबी बोलणारा, दोघांनाही त्या नळीच्या टोकाशी एकच गोष्ट दिसली : थेंब.

नवव्या शतकात बगदादला अल-किंदी नावाचा मोठा विद्वान होऊन गेला. त्याच्या नावावर अत्तरे आणि अर्क काढण्याच्या रीतींचे एक पुस्तक आहे. अरब किमयागारांचे लक्ष मुख्यतः गुलाब, औषध आणि धातू यांच्याकडे होते. त्यांच्या उपकरणाच्या टोपीला ते 'अल-अंबीक' म्हणत. तो शब्दही त्यांनी ग्रीकांकडून घेतलेला. युरोपात जाऊन त्याचा 'अलेम्बिक' झाला. बडोद्याची १९०७ साली सुरू झालेली औषधांची प्रसिद्ध अलेम्बिक कंपनी आपल्याला ठाऊक आहे. तिची सुरुवात टिंक्चर आणि मद्यार्क बनवण्यापासूनच झाली. म्हणजे नाव अगदी बरोबर ठेवले होते.

'अल्कोहोल'चेही तसेच. अल-कुहल म्हणजे डोळ्यांत घालायचा सुरमा. अगदी बारीक, वस्त्रगाळ भुकटी. युरोपीय किमयागारांनी आधी कोणत्याही बारीक पुडीला, मग कोणत्याही पदार्थाच्या शुद्ध सत्त्वाला हे नाव दिले, आणि सोळाव्या शतकात पॅरासेल्ससच्या काळी वाईनच्या सत्त्वाला ते चिकटले ते कायमचे. माझी आजी ईदच्या सकाळी आमच्या डोळ्यांत सुरम्याची सळई फिरवायची. तिला कुणी सांगितले असते की या शब्दाचे पुढे काय झाले, तर तिने सुरमेदाणी फेकून दिली असती.

'अर्क' या शब्दावर मात्र मला जरा थांबायचे आहे. मराठीत हा शब्द दोन घरांचा आहे. संस्कृतातला अर्क म्हणजे सूर्य, आणि रुईचे झाडही. दुसरा अर्क अरबी 'अरक'वरून आला. अरक म्हणजे घाम. भांड्याच्या थंड टोपीला आतून जे थेंब सुटतात, ते त्या भांड्याला आलेल्या घामासारखेच दिसतात. त्यावरून हकिमांकडची अर्क-गुलाब, अर्क-बडीशेप ही औषधे. त्यावरूनच पश्चिम आशियातली 'अरक' नावाची दारू आणि दक्षिणेतला 'अॅरक'. मराठीने हा शब्द घेतला आणि माणसाला लावला. "तो म्हणजे लबाडीचा अर्क आहे" असे आपण म्हणतो, तेव्हा शंभर लबाडांना भांड्यात घालून, उकळून, त्यांचा जो थेंब निघेल तो हा, एवढे सगळे एका शब्दात सांगतो. इंग्रजीतही 'डिस्टिल्ड' हा शब्द शहाणपणाला लावतात. आपण बहुधा लबाडीला लावतो. असो.

आता 'दारू'. हा शब्द फारसी आणि तिथे त्याचा अर्थ औषध. आपल्या 'दवादारू'त तो अजून सोवळा राहिला आहे; आई आजारी मुलाची दवादारू करते म्हटले, तर कुणी भुवई उंचावत नाही. दुसरा अर्थ बंदुकीची दारू, म्हणून दारूगोळा, दारूकाम. मुंबईत माझगावच्या बाजूला दारूखाना नावाचा भाग आहे. नाव ऐकून चेकाळणाऱ्यांची तिथे निराशा होते, कारण ते नाव पिण्याच्या दारूवरून नव्हे, तोफांच्या दारूवरून पडलेले आहे. या दोन दारूंची गाठ एकदा खरोखर पडली होती. इंग्लंडात जुन्या काळी मद्याचा कस पाहायची एक रीत सांगतात. बंदुकीच्या दारूवर पिण्याची दारू ओतायची आणि पेटवायची. मद्य जळून गेल्यावर खालची दारूही पेटली, तर माल अस्सल, 'प्रूफ' झाला. पाणी जास्त असेल तर दारू ओली राहते आणि पेटत नाही. हे 'प्रूफ' म्हणजे साधारण ५७.१ टक्के मद्यार्क. आपल्याकडच्या बाटल्यांवर ४२.८ टक्के असा चमत्कारिक आकडा असतो आणि सोबत '२५ यू.पी.' अशी अक्षरे. पुष्कळांना तो उत्तर प्रदेशचा काही संबंध वाटतो. तसे नाही. प्रूफच्या २५ अंश खाली, असा त्याचा अर्थ. ५७.१ चे तीन चतुर्थांश काढा, ४२.८ येतात. बंदुकीची दारू गेली, इंग्रज गेले, हिशेब राहिला.

मग दारू बनवणाऱ्याला आपल्या लोकांनी काय म्हटले? संस्कृतात एक शब्द आहे 'शौंडिक'. शुंडा म्हणजे दारूही आणि हत्तीची सोंडही. ब्रिटिश पुरातत्त्ववेत्ते रेमंड ऑल्चिन यांनी १९७९ मध्ये एक लेख लिहून मांडले, की पेशावरजवळच्या चारसद्दा भागात शैखान ढेरी इथे सापडलेली दोन हजार वर्षांपूर्वीची मातीची भांडी मद्य गाळण्याची असावीत, आणि शुंडा हे नाव त्या भांड्याच्या सोंडेसारख्या नळीवरून आले असावे. सगळ्या विद्वानांना ते पटलेले नाही. पण मला ती कल्पना आवडते. चुलीवर मातीचे मडके, त्याला सोंड, आणि सोंडेतून टपटप थेंब. पाणिनीनेही 'शौंड' शब्द वापरला आहे, तो एखाद्या गोष्टीच्या नादी लागलेल्या माणसासाठी. जुगाराच्या नादी लागलेला तो 'अक्षशौंड'. म्हणजे व्यसनाला नाव दारूवरून मिळाले, हे अडीच हजार वर्षांपूर्वीचे दिसते.

दुसरा संस्कृत शब्द 'कल्यपाल'. कल्य म्हणजे मद्य. या कल्यपालाचे झिजत झिजत प्राकृतातून उत्तरेत 'कलवार', 'कलार' झाले आणि आपल्याकडे 'कलाल'. इथे माझे लक्ष त्या तरुणाच्या कागदाकडे परत गेले. पण त्याआधी आपल्या जिल्ह्यातल्या आजच्या डिस्टिलरांकडे पाहून घेऊ, कारण या शब्दाचा सर्वांत मोठा व्यवहार इथेच चालतो.

नगर जिल्हा म्हणजे साखरेचा जिल्हा. लोणीला प्रवरा सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम १९५०-५१ साली झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांची ती कामगिरी. त्याच्याही आधी श्रीरामपूर भागात खासगी कारखाने होते. महादेव डहाणूकर यांनी १९३३ साली काढलेल्या महाराष्ट्र शुगर मिल्समधून पुढे टिळकनगर इंडस्ट्रीज उभी राहिली. तिची मॅन्शन हाऊस ब्रँडी दक्षिणेत मोठ्या प्रमाणावर खपते, आणि याच कंपनीने जुलै २०२५ मध्ये इंपीरिअल ब्लू हा व्हिस्कीचा बडा व्यवसाय विकत घेण्याचा करार जाहीर केला. १९०८ साली पुण्यात दारूच्या दुकानांपुढे निरोधने झाली तेव्हा लोकमान्य त्या चळवळीच्या पाठीशी होते. त्यांची आठवण करून देणारे नाव आता ब्रँडीच्या लेबलावर वाचताना मला दर वेळी थोडे चुकल्यासारखे होते. यात कुणाचा दोष नाही. गावाला नाव देणाऱ्यांनी पुढे काय गाळले जाईल, ते थोडेच पाहिले होते.

साखर झाली की मागे उरते ती काळी, घट्ट मळी. साखरेचे दाणे निघू शकत नाहीत, पण यीस्टला पुरेशी साखर तिच्यात असते. एक टन मळीतून सव्वादोनशे ते अडीचशे लिटर मद्यार्क निघतो. पाणी घालून, आंबवून जे तयार होते त्याला कारखान्यात 'वॉश' म्हणतात. हातभट्टीवाले त्यालाच 'रसायन' म्हणतात, आणि "पोलिसांनी पाचशे लिटर कच्चे रसायन नष्ट केले" ही बातमी आपण दर आठवड्याला वाचतो. कारखान्यात तो वॉश उंच स्तंभांतून जातो आणि बाहेर पडते सुमारे ९५ टक्क्यांचे स्पिरिट. त्यापुढे नुसते तापवून पाणी वेगळे होत नाही. शेवटचे चार-पाच टक्के पाणी मद्यार्काला असे बिलगते की दोघे एकदमच उकळतात. पेट्रोलमध्ये घालायचे इथेनॉल साडेनव्व्याण्णव टक्क्यांच्या वर लागते, म्हणून ते पाणी वेगळ्या चाळणीने शोषून घ्यावे लागते.

या कारखान्याला मराठीत काय म्हणायचे? लोक म्हणतात डिस्टिलरी. कामगार 'डिष्टिलरी' म्हणतात आणि ते ऐकायला बरे वाटते. सहकारी संस्थांच्या अहवालांत 'आसवनी प्रकल्प' असते. काही ठिकाणी 'अर्कशाळा'. माझे मत विचाराल तर अर्कशाळा सरस. आयुर्वेदातले आसव, म्हणजे द्राक्षासव, कुमारीआसव वगैरे, नुसते आंबवतात, गाळत नाहीत. मग जिथे गाळायचे हेच मुख्य काम, तिला आसवनी म्हणणे म्हणजे हलवायाला दूधवाला म्हणण्यासारखे आहे. पण अहवाल लिहिणारे कवींना विचारत नाहीत.

या धंद्याचा एक वास आहे. आपल्या जिल्ह्यात रात्रीच्या एस.टी.ने कधी प्रवास केला असेल तर डोळे मिटलेले असतानाही कळते, की आता डिस्टिलरी आली. तो वास मद्याचा नसतो. मागे उरलेल्या 'स्पेंटवॉश'चा असतो. एक लिटर मद्यार्कामागे आठ ते पंधरा लिटर हे तांबडेकाळे पाणी उरते. कित्येक वर्षे ते ओढ्यानाल्यांत गेले आणि विहिरी नासल्या. आता ते बाहेर न सोडण्याची सक्ती झाली आहे. थेंब मोजणाऱ्या धंद्यात मागे काय उरले, हे मोजायला आपण उशीर केला.

डिस्टिलर शब्दाच्या अर्थावर देशाच्या सर्वोच्च न्यायालयातही वाद झाला, म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. प्रश्न असा होता : राज्यघटनेने 'मादक मद्या'वरचा अधिकार राज्यांना दिला आहे, मग जो मद्यार्क पिण्यासाठी नाहीच, कारखान्यात रंग-रसायनांसाठी लागतो, तो मादक मद्य म्हणायचा की नाही? १९९० साली सात न्यायाधीशांनी सांगितले होते, नाही. २३ ऑक्टोबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा मताने सांगितले, होय, त्यात औद्योगिक मद्यार्कही येतो. मागचे एक कारण सरळ होते. औद्योगिक मद्यार्क पिण्यात येतो, आणि माणसे मरतात.

ते आपण इथे पाहिले आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये जिल्हा परिषदेच्या निवडणुकीच्या धामधुमीत नगर तालुक्यातल्या पांगरमलला जेवणावळीत वाटलेली दारू पिऊन माणसे दगावली. तपासात जिल्हा रुग्णालयाच्या आवारातल्या कँटीनपर्यंत धागा पोचला. जिथे दवा मिळायची तिथेच ही दारू. त्याआधी २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर लोक गेले. अशा प्रसंगी बहुधा मारेकरी असतो मिथेनॉल. दिसायला, वासाला मद्यार्काचा सख्खा भाऊ. उकळतो ६५ अंशांच्या आसपास. शरीरात गेला की त्याचे फॉर्मिक आम्ल होते, आधी दृष्टी जाते, मग प्राण. हे विष सहसा भट्टीत तयार होत नाही; औद्योगिक वापराचे स्वस्त मिथेनॉल कुणीतरी हावेपोटी मिसळतो. ज्याने ते मिसळले त्याला बातम्यांत 'दारू गाळणारा' म्हटले जाते. तो गाळत नसतो. त्याने एकही थेंब पाडलेला नसतो. डिस्टिलर हा शब्द त्याला लावणे हा शब्दाचाही अपमान आहे.

याच संदर्भात आपला एक लाडका वाक्प्रचार तपासून पाहा. 'पहिल्या धारेची'. मराठीत हे कौतुक आहे. कवितेलाही लावतात, माझ्या एका कवितेला एका समीक्षकमित्राने लावले होते आणि मी खूश झालो होतो. पण जाणता डिस्टिलर पहिली धार फेकून देतो. आधी उडून येणाऱ्या वाफेत हलकी, उग्र, बाधणारी द्रव्ये असतात. इंग्रजीत तिला 'डोके' म्हणतात, शेवटच्या धारेला 'शेपटी', आणि मधली जी ठेवायची तिला 'काळीज'. हे वाचल्यापासून त्या मित्राचे मत मी पुन्हा तपासले नाही.

परवान्याशिवाय दारू गाळणाऱ्याला इंग्रजीत 'मूनशायनर' म्हणतात, चांदण्यात काम करणारा. आपण 'हातभट्टीवाला' म्हणतो. इंग्रजाने वेळ सांगितली, आपण हत्यार सांगितले. राळेगणसिद्धीत १९७५ नंतर अण्णा हजारे यांनी काम सुरू केले तेव्हा गावात अशा कित्येक भट्ट्या होत्या आणि गावाने त्या बंद केल्या, ही कथा सर्वांना माहीत आहे. आणि आपल्या राज्यात मद्याचे परवाने ज्या कायद्याखाली दिले जातात त्याचे नाव आजही 'दारूबंदी अधिनियम' आहे, मूळ १९४९ चा. शब्द आणि अर्थ यांची अशी फारकत कवितेत कुणी केली असती तर आपण त्याला दुर्बोध म्हटले असते.

आता तो कागद. १९२६ साली त्या मुलाच्या वडिलांचा धंदा 'डिस्टिलर' लिहिला आहे. पण १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्यानंतर गावोगावच्या भट्ट्या हळूहळू बंद होत गेल्या आणि दारू गाळण्याचे काम सरकारी देखरेखीखालच्या मोजक्या भट्टीघरांत गेले. (आबकारी हाही फारसी शब्द. आब म्हणजे पाणी, पाण्याचे काम.) म्हणजे १९२६ साली नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातला माणूस उघडपणे, शाळेच्या रजिस्टरात नोंद होण्याइतक्या उजळ माथ्याने दारू गाळत होता, हे संभवत नाही. मी त्या तरुणाला विचारले, पणजोबांचे वडील काय करत? तो म्हणाला, "आजी सांगते, किराणा होता आणि चार एकर कोरडवाहू."

मग किराणा दुकानदाराला डिस्टिलर कुणी केले? माझा तर्क असा. मास्तरांनी विचारले असेल, "तुम्ही कोण?" उत्तर आले असेल, "कलाल." रजिस्टर इंग्रजीत भरायचे. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, मोठी दुसरी आवृत्ती १८५७ ची. तोच त्या काळी शाळा-कचेऱ्यांचा आधार. त्यात कलाल हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ दारू गाळणारी व विकणारी जात असाच दिला आहे. मास्तरांनी जातीचे भाषांतर केले आणि ते धंद्याच्या रकान्यात बसवले. सुताराचा 'कार्पेंटर', कुंभाराचा 'पॉटर', तेल्याचा 'ऑइलमन' अशा नोंदी जुन्या इंग्रजी कागदांत मी स्वतः पाहिल्या आहेत, मग त्या माणसाने जन्मात रंधा धरलेला असो वा नसो. तेव्हा त्या कागदावरचा डिस्टिलर हा धंदा नव्हताच. ती जातच होती, इंग्रजी कपडे घातलेली.

हे मी त्याला एका पानावर लिहून दिले. माझ्या पानाला कायद्याने काही किंमत नाही, हेही सांगितले. बी.ए.ची पदवी आणि चार कवितासंग्रह एवढ्यावर पुरावा होत नाही. म्हटले, आजीला विचार, मोडीतला एखादा कागद असेल. तिथे भाषांतर झालेले नसेल.

आठ दिवसांनी तो आजीलाच घेऊन आला. ऐंशीच्या पुढची बाई, पण नजर तीक्ष्ण. लुगड्याच्या घडीत बांधलेले जमिनीचे खरेदीखत तिने बाहेर काढले. तिला ते आधीपासून माहीत होते. दाखवले नव्हते. म्हणाली, "भाऊ, माझ्या लग्नात तो शब्द ऐकून एक सोयरीक मोडली होती. घरात कुणी दारूला शिवलं नाही तीन पिढ्या, आणि नाव मात्र ते. मग कशाला काढायचा कागद?"

मोडी जाणणाऱ्या एका स्नेह्याकडून ते वाचून घेतले. तिसऱ्या ओळीत स्पष्ट लिहिले होते : 'जात कलाल'. लिप्यंतर जोडून पोराने प्रकरण पुन्हा दाखल केले आणि चार महिन्यांनी दाखला हातात पडला.

जाताना आजीने मला माझे ते पान वाचून दाखवायला सांगितले. मी वाचले. कलाल म्हणजे दारू गाळणारे, या ओळीपाशी तिने हात वर केला. "तिथं अर्क लिही ना भाऊ. अर्क गाळणारे."

मी खोडले आणि अर्क लिहिले. तिने ते नातवाकडून दोनदा वाचून घेतले, मग घडी करून लुगड्याच्या केळ्यात खोचले.